ठाण्यातल्या रविवारच्या हिब्रू वर्गासाठी परदेशी निधी: काय मागावे, काय मागू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील काही बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातील मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले, पालक गेली चार वर्षे दर रविवारी सकाळी मुलांसाठी हिब्रू आणि धर्मशिक्षणाचा वर्ग चालवतात. बावीस कुटुंबांतील 34 मुले पटावर आहेत. एक शिक्षिका मानधनावर येतात आणि दोन पालक विनामूल्य शिकवतात. वर्षाचा खर्च साडेतीन लाख रुपये आहे आणि दर जूनमध्ये तो जमवताना सर्वांची दमछाक होते. प्रश्नकर्त्यांनी शेवटी विचारले आहे की जगभर ज्यू शिक्षणासाठी कोट्यवधी डॉलर देणाऱ्या संस्था असताना त्यांतल्या एखाद्या संस्थेने आपला हा वर्षाचा खर्च उचलावा यासाठी अर्ज कसा करावा.

मी गेली बावीस वर्षे शिक्षणसंस्थांच्या अनुदान-प्रस्तावांची छाननी करते आणि त्यातली नऊ वर्षे परदेशांतील ज्यू दात्यांच्या निधीसाठी हे काम केले आहे. मी स्वतः बेने इस्रायल आहे, आमचे मूळ गाव अलिबाग तालुक्यातले आहे आणि माझे आजोबा माझगावच्या शाळेत शिकले. त्यामुळे मागणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या, दोघांच्याही जागी बसण्याचा प्रसंग माझ्यावर आलेला आहे. उत्तर थोडे लांबेल, कारण माझ्या मते अर्ज कसा करावा हा आपला खरा प्रश्न नाही.

आपण दिलेला हिशेब पाहू. शिक्षिकेचे मानधन महिना 12 हजार, म्हणजे वर्षाला 1 लाख 44 हजार. मुलांच्या खाण्यावर 70 हजार, लांबून येणाऱ्या मुलांच्या गाडीभाड्यावर 60 हजार, पुस्तके व झेरॉक्स 40 हजार आणि सणांच्या कार्यक्रमांवर 36 हजार. यातला जवळजवळ प्रत्येक रुपया पुढच्या वर्षी पुन्हा लागणार आहे. माझ्या अनुभवात परदेशी निधी साधारणपणे तीन वर्षांसाठी आणि नव्या कामासाठी मिळतो. आपला वर्ग मात्र तेच काम तीस वर्षे दर रविवारी करीत राहणार आहे, आणि त्याने तेच करावे. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा हा आपला खरा प्रश्न आहे, आणि पूर्ण साडेतीन लाखांचा अर्ज केला तर तो मेळ बसत नाही.

दाते आवर्ती खर्च का टाळतात हे समजून घेतले पाहिजे, कारण त्याचे कारण कंजूषपणा नव्हे. एखाद्या निधीने शिक्षकाचा पगार उचलला की ज्या वर्षी तो निधी हात काढून घेतो त्या वर्षी शाळा बंद पडते आणि तो दोष आपल्या माथी येतो, ही भीती विश्वस्तांना खरोखर वाटत असते. म्हणून ते पगाराच्या वाटेलाच जात नाहीत. दुसरे कारण मला तितकेसे सन्माननीय वाटत नाही. विश्वस्तांना दरवर्षी काहीतरी नवे दाखवायचे असते, आणि तीच बाई त्याच मुलांना तोच सिद्दूर, म्हणजे प्रार्थनापुस्तक, वाचायला शिकवते आहे यात दाखवण्यासारखे काही नसते. नकार देताना पुष्कळदा मैमोनिडीझचा हवाला दिला जातो. बाराव्या शतकातील या पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आणि माणसाला कर्ज देऊन, भागीदारी करून किंवा काम मिळवून देऊन स्वतःच्या पायावर उभे करणे ही सर्वांत वरची पायरी मानली. विधान खरे आहे, पण ते गरजू माणसाविषयी आहे. शिक्षकाच्या पगाराला ते लावणे मला ओढूनताणून वाटते.

शिक्षकाविषयी काय म्हटले आहे ते पाहायचे तर तल्मूद या ज्यू धर्मशास्त्राच्या प्राचीन ग्रंथातील बाबा बात्रा हा ग्रंथभाग उघडावा लागतो. पहिल्या शतकातील यहोशुआ बेन गमला या मुख्य धर्मगुरूने गावोगावी शिक्षक नेमण्याची आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना त्यांच्याकडे बसवण्याची पद्धत घातली असे तिथे सांगितले आहे. पुढे संख्याही दिली आहे: 25 मुलांना एक शिक्षक, 50 झाली तर दोन, आणि 40 झाली तर एक मदतनीस नेमावा व त्याचा भार उचलायला गावाने हात लावावा. आपली मुले 34 आहेत, म्हणजे आपण त्या हिशेबात अगदी मधोमध आहोत. मदतनिसाचा खर्च त्या जुन्या मजकुरातही दूरच्या श्रीमंतावर टाकलेला नाही, गावावर टाकलेला आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. माझ्या पाहण्यात जे वर्ग टिकले ते याच रीतीने टिकले.

दूरच्या श्रीमंताने काय करावे याचे सर्वांत मोठे उदाहरण पॅरिसमधील आलियान्स इस्रायलित युनिव्हर्सेल या संस्थेचे आहे. ती 1860 मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली शाळा 1862 मध्ये मोरोक्कोतील तेतुआन शहरात उघडली. पहिल्या महायुद्धापर्यंत मोरोक्कोपासून इराणपर्यंत तिच्या सुमारे 180 शाळा आणि 40 हजारांवर विद्यार्थी झाले. एवढ्या शाळा कशा उभ्या राहिल्या याचे उत्तर अनेक जण देणग्यांच्या आकड्यात शोधतात, पण माझ्या मते ते 1867 या सालात आहे. त्या वर्षी संस्थेने पॅरिसमध्ये शिक्षक तयार करणारे विद्यालय काढले. तेतुआनची किंवा बगदादची हुशार मुले तिथे आणायची, काही वर्षे शिकवायची आणि शिक्षक म्हणून पुन्हा पूर्वेकडे पाठवायची, अशी ती रचना होती. शिक्षक तयार करणे हा एका माणसामागे एकदाच होणारा खर्च आहे आणि त्याचा उपयोग पुढे तीस वर्षे होत राहतो. दात्याला परवडणारे आणि शाळेला उपयोगी पडणारे असे दोन्ही गुण एकत्र असलेले दुसरे काम मला अजून सापडलेले नाही.

याच संस्थेच्या इतिहासात एक विलक्षण दाताही आहे. बॅरन मॉरिस द हिर्श यांनी 1870च्या दशकात तुर्की साम्राज्यातील शाळांसाठी दहा लाख फ्रँक दिले. त्यावर न थांबता पुढे अनेक वर्षे ते संस्थेची वार्षिक तूट भरून देत राहिले, आणि 1889 मध्ये ही दरवर्षीची मदत त्यांनी कायम निधीत बदलून टाकली, म्हणजे त्याच्या उत्पन्नावर संस्थेची तूट भागत राहील. तूट भरणारा दाता किती दुर्मीळ असतो हे छाननीच्या खोलीत बसल्याशिवाय कळत नाही. माझ्या बावीस वर्षांत मला असे दोन भेटले. याच हिर्श यांनी रशियातील ज्यूंच्या शिक्षणासाठी पाच कोटी फ्रँक देऊ केले होते, परंतु त्या पैशावर आपलाच ताबा असावा असा तिथल्या सरकारचा आग्रह असल्यामुळे ते काम झाले नाही. पैसा देणारा तयार असूनही कायदा आणि ताबा यांवर गाडी अडते, हा अनुभव आपल्याकडेही येणार आहे. त्याकडे मी खाली येते.

आता आपल्या घरातली गोष्ट. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 मध्ये मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा तिच्यामागे त्यांचे भाऊ आणि समाजातली काही माणसे होती. लंडनची अँग्लो-ज्यूइश असोसिएशन मदतीला आली ती शाळा उभी राहिल्यावर. पुढे सर एली कदूरी यांची मोठी देणगी आली आणि माझगावच्या त्या शाळेला त्यांचे नाव मिळाले. कदूरी मूळ बगदादचे, तिथल्या आलियान्सच्या शाळेत शिकलेले, ससून या बगदादी ज्यू घराण्याच्या व्यापारी पेढीच्या नोकरीतून पूर्वेकडे गेलेले आणि हाँगकाँग व शांघायमध्ये श्रीमंत झालेले. म्हणजे पॅरिसहून चाललेल्या शाळेतला एक विद्यार्थी मोठा होऊन माझगावच्या शाळेचा दाता झाला. माझे आजोबा त्या शाळेत हिब्रू, इंग्रजी आणि मराठी अशा तीन भाषा शिकले आणि आयुष्यभर हिशेब मात्र मराठीतच मांडत राहिले.

आज त्या शाळेत ज्यू मुले नाममात्र आहेत आणि बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत. काही जण हे खेदाने सांगतात, मला त्यात खेद वाटत नाही, कारण माझगावातल्या मुलांना शाळा हवी होती आणि ती मिळाली. परंतु आपल्या प्रश्नापुरते त्यातून एवढे दिसते की इमारत समाजाच्या आधी संपत नाही आणि इमारत आहे म्हणून तिच्यात हिब्रू शिकवले जाईल याची खात्रीही नसते. याच्या उलट उदाहरण जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांचे आहे. मुंबईतील डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या ससूनांच्या पैशावर चाललेल्या शाळेत ते 1856 मध्ये शिक्षक झाले, नंतर मुख्याध्यापक झाले आणि तिथे सुमारे चाळीस वर्षे राहिले. या काळात त्यांनी हिब्रू प्रार्थना एकामागून एक मराठीत आणल्या. देणगीतून एका शिक्षकाला निवांतपणे चाळीस वर्षे मिळाली आणि समाजाला मराठी प्रार्थनापुस्तके मिळाली. प्रस्तावात असा परिणाम कोणी लिहून दाखवू शकला नसता.

दात्याचा हेतू आणि घेणाऱ्याचा हेतू वेगळे असू शकतात, हेही आपल्या समाजाइतके क्वचितच कोणी पाहिले असेल. आपल्या पूर्वजांना हिब्रू नव्याने शिकवण्यात स्कॉटिश मिशनऱ्यांचा मोठा वाटा होता. जॉन विल्सन यांनी तर 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. त्यामागे पैसा चर्चच्या देणगीदारांचा होता आणि उद्देश धर्मांतराचा होता. आपल्या लोकांनी व्याकरण घेतले आणि बहुतेकांनी धर्म आपलाच ठेवला. आजचे निधी अर्थातच आपल्याच धर्माचे आहेत, तरी प्रत्येकाचा कल वेगळा असतो. कोणाला मुले इस्रायलला जावीत असे वाटते, कोणाला ती आहेत तिथेच ज्यू म्हणून नांदावीत असे वाटते, तर कोणाला काटेकोर धर्माचरण हवे असते. आलियान्सच्या शाळांत शिकवण्याची भाषा फ्रेंच होती आणि तिथून बाहेर पडलेली पुष्कळ मुले पुढे गाव सोडून गेली. अर्ज करण्यापूर्वी आपल्या पालकांनी एकत्र बसून ठरवावे की मुलांना प्रार्थना वाचता यावी एवढे हवे आहे की त्यांना हिब्रू बोलता यावे. हे आपण ठरवले नाही तर दाता ठरवील, आणि मलिदा हा आपला नैवेद्याचा विधी व त्यात ज्याचे नाव घेतो तो एलियाहू हनाबी हा प्रेषित, हे अभ्यासक्रमात कुठेच दिसणार नाहीत.

आता आजच्या निधींविषयी. त्यांच्याकडे अफाट पैसा आहे हे खरे आहे, पण तो चालू खर्चाला लागतो हा समज बरोबर नाही. अमेरिकेतील पूर्णवेळ ज्यू शाळांचा बहुतांश खर्च पालकांच्या शुल्कातून निघतो आणि अनेक ठिकाणी ते शुल्क वर्षाला वीस हजार डॉलरच्या वर आहे. झाल्मन बर्नस्टाइन यांनी 1984 मध्ये स्थापन केलेल्या आवी खाय या प्रतिष्ठानाचे उदाहरण घ्या. आपला सगळा निधी ठरलेल्या मुदतीत खर्च करून टाकायचा असे त्यांनी ठरवले आणि 2019च्या अखेरीस देणग्या देणे थांबवले. तोवर एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम त्यांनी खर्च केली होती. शाळांना ती त्यांनी दिली ती मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी, हिब्रूच्या अभ्यासक्रमांसाठी, इमारतींसाठी बिनव्याजी कर्ज म्हणून, आणि अशाच एकदा करायच्या कामांसाठी. कर्जाची कल्पना मला विशेष आवडते, कारण परत आलेला पैसा दुसऱ्या शाळेला मिळतो.

हॅरल्ड ग्रिनस्पून यांनी 2005 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेली पीजे लायब्ररी दर महिन्याला मुलांच्या घरी ज्यू विषयांवरचे पुस्तक विनामूल्य पाठवते. तिथेही स्थानिक समाज खर्चाचा वाटा उचलतो. तरुणांना दहा दिवस इस्रायल दाखवणारी 1999ची बर्थराइट योजनासुद्धा खासगी दाते, इस्रायल सरकार आणि जगभरचे ज्यू समाज यांच्या वाट्यातून उभी राहिली. जेरुसलेममधील पिंकस निधी, जो ज्यू एजन्सीचे अध्यक्ष लुई पिंकस यांच्या नावाने निघाला, तो इस्रायलबाहेरील नव्या शैक्षणिक उपक्रमांना सुरुवातीचे बळ देण्यासाठी आहे. या सगळ्यांत समान धागा वाट्याचा आहे. तुमचा वाटा किती, हा पहिला प्रश्न असतो.

याला एक अपवाद आहे आणि तो लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रोनाल्ड लॉडर यांच्या प्रतिष्ठानाने 1987 पासून मध्य आणि पूर्व युरोपात, वॉर्सा आणि बुडापेस्टसारख्या शहरांत, ज्यू शाळा नव्याने उभ्या केल्या आणि वर्षानुवर्षे त्यांना आधार दिला. पण तिथे दुसरे महायुद्ध आणि नंतरची कम्युनिस्ट राजवटीची चाळीस वर्षे यांनी स्थानिक हातच नाहीसे केले होते. वाटा उचलायला माणसे नव्हती, म्हणून दात्याने पूर्ण भार घेतला. ठाण्याची स्थिती तशी नाही. इस्रायलच्या स्थापनेच्या वेळी आपण भारतात सुमारे वीस हजार होतो आणि आता देशातले सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार आहोत. तरी मुंबई-ठाण्यात सिनेगॉग, म्हणजे आपली प्रार्थनामंदिरे, चालू आहेत, सण होतात, लग्ने होतात. आमचे कोणी उरले नाही असे आपण लिहू शकत नाही आणि लिहूही नये.

माझ्या छाननीतले एक प्रकरण सांगते. युरोपातील एका लहान गावात एका निधीने मुलांसाठी सुंदर जागा बांधून दिली. पाचव्या वर्षी मी ती पाहायला गेले तेव्हा खुर्च्या एकमेकींवर रचून ठेवल्या होत्या. शिक्षक राजधानीतून रेल्वेने येत असत आणि त्यांचे तिकीट कोणत्याही खर्चाच्या शीर्षाखाली बसत नव्हते. पहिली दोन वर्षे एका आजोबांनी ते स्वतःच्या खिशातून दिले. आजोबा वारले आणि वर्ग थांबला. प्रस्तावात इमारतीची चाळीस पाने होती आणि तिकिटाविषयी एक ओळही नव्हती. तो प्रस्ताव मंजूर करणाऱ्यांत मीही होते. तेव्हापासून मी कोणताही प्रस्ताव वाचताना आधी शिक्षक घरून वर्गापर्यंत कसा येतो हे शोधते.

कायद्याचा भाग आता थोडा तपशिलात सांगावा लागेल, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त चुका तिथे होतात. परदेशातून येणाऱ्या देणगीला 2010 चा विदेशी अंशदान नियमन अधिनियम लागू होतो. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे अस्तित्वात असावी लागते आणि त्या तीन वर्षांत तिने मुख्य उद्दिष्टांवर किमान 15 लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. आपला खर्च तीन वर्षांत साडेदहा लाख होतो, शिवाय आपला वर्ग नोंदणीकृत न्यास आहे की नाही हे आपण लिहिलेले नाही. विशिष्ट दात्याकडून विशिष्ट कामासाठी पूर्वपरवानगी घेण्याचा दुसरा मार्ग आहे, पण तो वेळखाऊ आहे. 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारता येते, प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांपर्यंतच करता येतो, आणि एका संस्थेला मिळालेली परदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मोठी नोंदणीकृत संस्था पैसा घेऊन लहान गटांना वाटत असे, तो रस्ता बंद झाला. जे शक्य आहे ते असे की नोंदणी असलेली एखादी संस्था आपला वर्ग स्वतःचा उपक्रम म्हणून चालवील, शिक्षिकेला स्वतः मानधन देईल आणि पुस्तके स्वतः घेईल. आपले स्वातंत्र्य त्यात काहीसे कमी होते. ते चालेल का, हे आपणच ठरवायचे आहे.

याहून नाजूक गोष्ट नातेवाइकांची. लोद, बीरशेवा किंवा दिमोना इथे असलेला आपला मामा किंवा आतेभाऊ इस्रायलचा नागरिक असेल, तर त्याने वर्गाला दिलेली रक्कम परदेशी अंशदानच ठरते, मग ती त्याने ठाण्याला आल्यावर रुपयांत का दिलेली असेना. मूळ भारतीय असणे इथे उपयोगी पडत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी नातेवाइकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी मात्र त्यात मोडत नाही. माझ्या माहितीतल्या एका न्यासाने हा फरक न ओळखता इस्रायलहून आलेल्या पाहुण्यांच्या देणग्या साध्या खात्यात भरल्या, आणि नंतर दंड, सीए आणि पत्रव्यवहार यांवर मूळ रकमेपेक्षा जास्त खर्च केला. एखाद्या सणाला पेटी फिरवण्याआधी खजिनदाराला हे नीट समजावून सांगा. पुस्तकांसारख्या वस्तू परदेशातून संस्थेच्या नावे आल्या तरी त्या अंशदानात धरल्या जाऊ शकतात, म्हणून तेही आधी सीएला विचारावे. राज्य शासनाने 2016 मध्ये ज्यू समाजाला धार्मिक अल्पसंख्याक दर्जा दिला आहे. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी त्याचा उपयोग होऊ शकतो, रविवारच्या वर्गासाठी फारसा नाही.

मग मागावे काय? आपल्या जागी मी असते तर साडेतीन लाखांचा आकडा अर्जात आणलाच नसता. शिक्षिकेच्या मानधनासाठी बावीस कुटुंबांकडून सरासरी महिना साडेपाचशे रुपये घेतले तर वर्षाला 1 लाख 45 हजार जमतात, म्हणजे मानधन पुरते सुटते. सगळ्यांना सारखे झेपणार नाही. कोणी दोनशे देईल, कोणी हजार देईल, आणि कोणी किती दिले हे एकट्या खजिनदाराला माहीत असावे. पण यादीत नाव प्रत्येक कुटुंबाचे हवे, रक्कम कितीही लहान असो. छाननी करणारा माणूस आकड्यापेक्षा ही यादी अधिक काळजीपूर्वक पाहतो. मुलांचे खाणे घराघरांतून पाळीने यावे, त्याने 70 हजारांचा बोजा बहुतेक उतरतो. गाडीभाडे आणि सण यांचे 96 हजार उरतात, ते समाजातील भारतीय नागरिक असलेल्या देणगीदारांकडून मिळवणे अवघड नाही, कारण सणासाठी हात लवकर खिशात जातो.

बाहेरून मागायचे ते असे. आपल्या वर्गात सोळा-सतरा वर्षांची जी मुले आहेत त्यांतली दोन किंवा तीन पुढे शिकवू शकतील अशी निवडा आणि त्यांच्या शिक्षक-प्रशिक्षणाचा खर्च मागा. त्यांतले एखादे उद्या इस्रायलला स्थायिक होईल हे गृहीत धरून तीन निवडा, एक नव्हे. दुसरे, आपल्या शिक्षिका चार वर्षे जे शिकवत आहेत त्याचा लिखित, टप्प्याटप्प्याचा मराठी-हिब्रू अभ्यासक्रम तयार करण्यासाठी एका वर्षाची मदत मागा. मला माहीत असलेल्या निधींकडे इंग्रजी, रशियन, स्पॅनिश अभ्यासक्रम पुष्कळ आहेत, मराठी मी कुठे पाहिलेला नाही. दात्याला नवे काहीतरी हवे असते आणि इथे ते खरोखर नवे आहे. तिसरे, पुस्तकांचा एकदाचा संच. पुस्तकांसाठी पीजे लायब्ररीसारख्या योजनांकडे स्वतंत्रपणे चौकशी करावी, आणि कौशल्यशिक्षण हवे असलेल्या मोठ्या मुलांसाठी मुंबईतील ओर्ट संस्थेत विचारावे. 1880 मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे मुंबईतले काम जुने आहे.

कायम निधीचा विचारही आतापासून करावा. सात टक्के व्याज धरले तर 20 लाखांच्या ठेवीवर वर्षाला 1 लाख 40 हजार येतात, म्हणजे आजच्या मानधनाएवढे. एवढी रक्कम एका वर्षात उभी राहणार नाही, परंतु आईवडिलांच्या स्मरणार्थ काही द्यावे असे वाटणारी माणसे प्रत्येक समाजात असतात. त्यांना पंख्यावर नाव घालण्यापेक्षा शिक्षिकेच्या मानधनाच्या ठेवीत नाव घालायला सांगावे. महागाईने ठेवीची किंमत झिजते, त्यामुळे व्याज सुरू झाले तरी पालकांची वर्गणी थांबवू नये.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून ठरवता येत नाहीत. शिक्षिका आणखी किती वर्षे शिकवणार आहेत, 34 पैकी किती मुले पाच वर्षांनी इथे असतील, सिनेगॉगचे विश्वस्त आपल्या वर्गाला आपला मानतात की बाहेरचा, यांच्या उत्तरांनी प्रस्ताव बदलतो. विश्वस्तांशी संबंध चांगले असतील तर जागेचा आणि नोंदणीचा, असे दोन्ही प्रश्न सोपे होतात. नसतील तर अर्जाच्या आधी तिकडे लक्ष द्यावे लागेल. मुलांची संख्या कमी आहे याची मात्र काळजी करू नये. विखुरलेल्या लहान समाजांसाठी वेगळा विचार करणारे निधी आहेत, आणि दर मुलामागे आपला खर्च वर्षाला दहा हजार रुपयांच्या थोडा वर जातो, तो वाचून परदेशातल्या विश्वस्तांना आधी आकडा चुकला असे वाटते. म्हणून तो आकडा रुपयांत आणि डॉलरमध्ये असा दोन्ही प्रकारे लिहावा.

प्रस्ताव तीन पानांच्या वर नेऊ नये. पहिल्या पानावर शिक्षिकेचा अनुभव, त्या वर्गापर्यंत कशा येतात, त्यांना किती मिळते आणि ते कोण देते, हे साध्या वाक्यांत यावे. दुसऱ्या पानावर तीन वर्षांत काय करायचे आहे आणि चौथ्या वर्षी तो खर्च कोणाकडे जाईल हे यावे. तिसऱ्या पानावर बावीस कुटुंबांच्या वर्गणीचा मागच्या बारा महिन्यांचा तक्ता जोडावा, नावांऐवजी क्रमांक घालून. तो तक्ता आज तयार नसेल तर या वर्षी अर्ज करू नये. वर्गणी या महिन्यापासून सुरू करावी, पावत्या ठेवाव्यात आणि बारा रकाने भरले की मग लिहायला बसावे.